‘नको’ म्हणण्याचा इतिहास : वऱ्हाडातील घर, कारागीर आणि कोटेशन

#थ्रेड

(१)
यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा चुकारा हाती आला की घराची अडलेली कामे निघतात. कुठे कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा असतो, कुठे मातीच्या भिंतीच्या जागी विटांची भिंत उभी करायची असते. तीन मिस्त्री बोलावले जातात, तिघे मापे घेतात, तिघे आकडे सांगतात. काम एकालाच मिळते. उरलेल्या दोघांना काय सांगितले जाते? बहुधा ‘बघू’, ‘कळवतो’, ‘घरी विचारून सांगतो’. हा नकार फार किरकोळ वाटतो. पण दोनशे वर्षांपूर्वी गावच्या कारागिराला असे परत पाठवणे जवळजवळ अशक्य होते. ते शक्य कसे झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा मागोवा.

(२)
आधी प्रदेशाची ओळख. आजचा यवतमाळ जिल्हा म्हणजे ऐतिहासिक वऱ्हाडचा आग्नेय भाग. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. पुढे हा भाग ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई, मात्र मुख्य ठाणे यवतमाळला होते. १९०५ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्यात आला. सागवानाची जंगले, काळी कपाशीची जमीन आणि वणीकडचा चुनखडीचा पट्टा असे तिन्ही एकाच जिल्ह्यात नांदत होते. घराला लागणारे बहुतेक साहित्य जवळच मिळे. प्रश्न साहित्याचा नव्हता, घर कोणाच्या हाताने उभे राहायचे हा होता.

(३)
साधे घर पुष्कळदा घरचे लोकच उभारीत. पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्यांचा कूड विणायचा, त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा, वर गवत किंवा कवेलू. केळापूर, मारेगाव, झरी भागांतील कोलामांच्या पोडांवर अशी घरे आप्तांच्या आणि शेजाऱ्यांच्या मदतीने उभी राहत. आज याच्या घरी हात लावायचा, उद्या त्याच्या. येथे दर नव्हता, म्हणून दर नाकारण्याचाही प्रसंग नव्हता. मोठ्या घराची गोष्ट वेगळी होती. माळवद, खांब, तुळया, नक्षीची चौकट यांसाठी सुतार लागे, खिळे-कड्यांसाठी लोहार, कवेलूंसाठी कुंभार. हे तिघेही बलुतेदार होते.

(४)
बलुतेदारी म्हणजे गावगाड्यातील कामाची आणि मोबदल्याची वंशपरंपरागत वाटणी. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी मानल्या जात. सुतार आणि लोहार यांचे स्थान थोरल्या ओळीत. वर्षभर नांगर, वखर, पाभर दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा, असा हा व्यवहार. नवी गाडी किंवा नवे घर हे बलुत्याबाहेरचे काम समजले जाई. त्यासाठी लाकूड घरधन्याचे आणि मजुरी निराळी. मात्र मजुरी निराळी असली तरी माणूस निराळा नसे. घराचे काम गावच्या सुतारानेच करायचे, हे गृहीत होते.

(५)
हे गृहीत नुसते सवयीचे नव्हते. त्यामागे ‘वतन’ होते. गावात सुतारकाम करण्याचा हक्क ही सुताराची मिळकत होती. ती वारशाने येई, तिची वाटणी होई, तिच्यावरून भाऊबंदांत तंटे होत आणि गोतसभेपुढे निवाडे होत. वतनदार कारागीर आणि बाहेरून येऊन तात्पुरते काम करणारा ‘उपरी’ कारागीर यांत स्पष्ट भेद केला जाई. वतनदाराला डावलून परगावच्या माणसाला काम दिले, तर ते दुसऱ्याच्या मिळकतीवरचे अतिक्रमण ठरे. म्हणजे ‘तुमचे काम नको’ हे वाक्य त्या काळी केवळ नकार नव्हते. ‘तुमचा हक्क मान्य नाही’ असा त्याचा अर्थ होई.

(६)
यातील बारकावा हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने नेमका टिपला. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांचा अभ्यास करून त्यांनी असे मांडले की, बलुतेदार हा एखाद्या कुटुंबाचा नोकर नव्हता, तो संपूर्ण गावाचा सेवक होता. त्यांचा आधार मुख्यतः पेशवाईतील दप्तराचा, वऱ्हाडाबाहेरचा. पण बलुत्याची चौकट वऱ्हाडातही होती. या मांडणीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. ज्याला कुटुंबाने नेमलेच नाही, त्याला कुटुंब नाकारणार कसे? नेमणूक गावाची, म्हणून नकारही गावाचाच. एकट्या घरधन्याच्या ‘नको’ला वजन नव्हते.

(७)
या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा मोह होतो. सुताराला काम शोधत हिंडावे लागत नसे, शेतकऱ्याला ऐन पेरणीत वखर घेऊन ताटकळावे लागत नसे. पण दुसरी बाजू त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात दिसते. काम चांगले झाले काय आणि वाईट झाले काय, मोबदला ठरलेलाच असेल तर कसब वाढायचे कशाने, आणि या साऱ्याचा भार कुणब्याने किती सोसायचा, अशा आशयाची टीका त्यांनी केली. वाकडी चौकट बसवणाऱ्या सुतारालाही बदलता येत नसे. घरधन्याला ‘नको’ म्हणता येत नव्हते, ही त्याची अडचण खरीच होती.

(८)
त्याहून मोठी अडचण पलीकडच्या बाजूला होती. कारागिरालाही आणि त्याहीपेक्षा महार वतनदाराला ‘नको’ म्हणता येत नव्हते. वतन एका व्यक्तीच्या नावे, पण राबणूक सगळ्या घराची. बोलावणे आले की जायचे, वेळ-अवेळ पाहायची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या बंधनावर बोट ठेवूनच. दया पवारांच्या १९७८ च्या आत्मकथनाचे नाव ‘बलुतं’ आहे, हे विसरता येत नाही. नकाराचा अधिकार दोन्ही बाजूंना असतो तेव्हाच व्यवहार बरोबरीचा होतो. बलुत्यात तो कोणालाच धड नव्हता, आणि सर्वांत खाली असलेल्याला मुळीच नव्हता.

(९)
न मागितलेल्या सेवेचे पैसे द्यावे लागतात का, हा प्रश्न न्यायालयात गेला तो घरबांधणीवरून नव्हे, लग्नावरून. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे सत्यशोधक मंडळींनी जोशाला न बोलावता विवाह लावले. वतनदार जोशांनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा केला. १८८० च्या दशकातील हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पाटील मंडळींच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. अखेर १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळाने कायदा करून, न बोलावलेल्या पुरोहिताला दक्षिणा देण्याची सक्ती संपवली. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता. पण ‘मी बोलावलेच नाही, तर देऊ कशाला?’ हे तत्त्व मराठी समाजात कसे रुजले, हे कळायला ही घटना पुरेशी आहे.

(१०)
जोतीराव स्वतः बांधकामाची सरकारी कंत्राटे घेत, ही गोष्ट येथे मुद्दाम आठवावी. कंत्राटदाराला काम कोण देतो, मोजमाप कोण लिहितो, बिल कोण अडवतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. इंजिनिअर खात्यातील कारभारावर त्यांनी कठोर टीका केली, तिला हा अनुभवाचा आधार होता. वतनाच्या जगात माणसाचा हक्क जन्माने ठरत होता. कंत्राटाच्या जगात तो कागदाने ठरू लागला. पण कागद ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हेही त्याच काळात दिसून आले. नवे जग आपोआप न्यायाचे नव्हते.

(११)
वऱ्हाडात हे नवे जग कापसाच्या गाडीवर बसून आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. यवतमाळ मुख्य मार्गापासून दूर राहिले, म्हणून कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्थानकाकडे जाई. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली. तीच लोकांची ‘शकुंतला’. सरकी काढण्याचे कारखाने, गठाणी बांधण्याचे प्रेस, कचेऱ्या, पूल अशी बांधकामे निघाली आणि गवंड्या-सुतारांना रोख मजुरी मिळू लागली.

(१२)
रोख मजुरीने दोन गोष्टी घडल्या. कसबी सुताराला गावच्या खळ्यावरील पायल्यांपेक्षा शहरातील रोज परवडू लागला. आणि ज्याच्याकडे कापसाचा पैसा आला, त्या शेतकऱ्याला परगावचा अधिक चांगला सुतार आणता येऊ लागला. दोघांनाही ‘नको’ म्हणण्याची सोय झाली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने बलुत्याची आणखी एक मर्यादा उघडी केली. कुणब्याच्या खळ्यावरच काही नसेल, तर बलुतेदाराचा वाटा कोठून यायचा? हक्क शाबूत होता, धान्य नव्हते. बलुते कोणी एका दिवसात रद्द केले नाही. ते हळूहळू निरुपयोगी होत गेले.

(१३)
या स्थित्यंतराच्या खुणा भाषेत सापडतात. ‘मक्ता’ आणि ‘इजारा’ अरबी मुळाचे, ‘कंत्राट’ पोर्तुगिजांकडून आलेले, ‘ठेका’ हिंदीतून, ‘गुत्ता’ तेलुगू-कानडीच्या शेजारातून. यवतमाळच्या दक्षिणेकडील सीमेवर आजही ‘गुत्तेदार’ ऐकू येतो आणि उत्तरेकडे ‘ठेकेदार’. जिल्ह्यातील कित्येक गावांच्या नावांना ‘इजारा’ हे शेपूट चिकटलेले आहे. पडीक जमिनी ठरावीक मुदतीने कसायला देण्याच्या एकोणिसाव्या शतकातील पद्धतीची ती आठवण. घरबांधणीत ‘रोजाने’ आणि ‘उक्ते’ असे दोन प्रकार रूढ झाले. रोजाने म्हणजे दिवसाचा दाम, उक्ते म्हणजे संपूर्ण कामाचा एक ठोक आकडा. त्याच ठोक आकड्याचे आजचे नाव ‘कोटेशन’.

(१४)
१ सप्टेंबर १८७२ पासून भारतीय करार कायदा अमलात आला. वऱ्हाडावर नाममात्र सार्वभौमत्व निजामाचे असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे स्वतंत्र आदेशांनी लागू केले जात, पण करारासंबंधीचे हेच तत्त्व तेथेही पोहोचले. या कायद्याच्या दृष्टीने मिस्त्रीने दिलेला दर हा ‘प्रस्ताव’ आहे. तो स्वीकारेपर्यंत कोणीही बांधलेला नाही. वाजवी मुदतीत होकार आला नाही, तर प्रस्ताव आपोआप संपतो. नाकारणाऱ्याने कारण द्यावे, असे कायदा म्हणत नाही. इतकेच काय, नकार कळवावा, असेही म्हणत नाही. वतनाच्या काळात जो नकार अशक्य होता, तो आता इतका सोपा झाला की उच्चारण्याचीही गरज उरली नाही.

(१५)
येथे दोन संस्कृतींची गाठ पडते. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा खटला गाजला. घोड्याच्या खरेदीची बोलणी चालली असता एका काकाने पुतण्याला लिहिले की, तुझे उत्तर आले नाही, तर घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. न्यायालयाने ठरवले की मौन म्हणजे होकार नव्हे. आपल्याकडे मात्र ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन घरोघरी ठाऊक आहे. कायदा म्हणतो, गप्प राहिला म्हणजे करार नाही. लोकरीत म्हणते, गप्प राहिला म्हणजे मान्य आहे. दर सांगून गेलेला मिस्त्री कायद्याच्या पुस्तकात राहत नाही, तो लोकरीतीत राहतो. म्हणून तो वाट पाहतो.

(१६)
सरकारनेही नकाराची आपली भाषा घडवली. १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि निविदांची पद्धत स्थिरावत गेली. मोहोरबंद लिफाफे, ते सर्वांसमक्ष एकाच वेळी उघडणे, दरांची तुलना. लिफाफा बंद ठेवण्यामागे एक नीती होती : एकाचा आकडा दुसऱ्याला दाखवून भाव पाडता येऊ नये. आणि जाहिरातीच्या शेवटी ते प्रसिद्ध वाक्य असे, की कोणतेही कारण न देता कोणतीही निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. आजही वृत्तपत्रांतील निविदा सूचनांत ते वाचायला मिळते. नकार इतका कोरडा असू शकतो, हे मराठी माणूस येथे शिकला.

(१७)
पण स्वतंत्र भारतात या कोरड्या वाक्यालाही मर्यादा पडली. मुंबई विमानतळावरील उपाहारगृह आणि नाश्त्याच्या केंद्रांच्या निविदेवरून एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७९ च्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी स्पष्ट केले की, शासनसंस्थेला निविदा मनमानीने देता येत नाही. स्वतः घालून दिलेल्या अटी तिने पाळल्या पाहिजेत, कारण संविधानाचा अनुच्छेद १४ समानतेची हमी देतो. म्हणजे चक्र उलटे फिरले. सरकारच्या ‘नको’ला कारण लागू लागले. घरधन्याच्या ‘नको’ला मात्र अजूनही कारण लागत नाही. तिथे कायदा नाही, फक्त रीत आहे.

(१८)
ती रीत काय होती? मराठीला थेट नकार जड जातो. निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. दुकान बंद करीत नाहीत, ‘वाढवतात’. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. अशुभ शब्द टाळण्याची ही सवय व्यवहारातही उतरली, म्हणून ‘नाही’च्या जागी ‘बघू’ आला. बलुत्याच्या काळात या मोघमपणाने कोणाचे नुकसान होत नसे. सुताराला ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हटले, तरी खळ्यावरचा त्याचा वाटा चुकत नसे आणि पुढच्या वर्षीही सुतार तोच असे. ‘बघू’ हा शब्द त्या सुरक्षित जगात सौजन्याचा होता.

(१९)
कोटेशनच्या जगात तोच शब्द महाग पडतो. यवतमाळकडे बांधकामाचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी छप्पर पुरे व्हावे लागते. या सात-आठ महिन्यांत मिस्त्रीला आपली आणि आपल्या हाताखालच्या माणसांची वर्षाची कमाई करायची असते. ‘कळवतो’ या शब्दावर तो आठ दिवस दुसरे काम घेत नाही, सेंट्रिंगवाल्याला थांबवून ठेवतो, मजुरांना शब्द देतो. घरधन्याला वाटते, आपण कोणाचे मन दुखावले नाही. प्रत्यक्षात न दुखावलेल्या मनाची किंमत मिस्त्री बुडालेल्या रोजांनी भरतो. त्याच्या पाठीशी आता खळे नाही.

(२०)
मग मराठी परंपरेत स्पष्ट आणि सभ्य नकाराचा नमुनाच नाही का? आहे, आणि तो पानसुपारीच्या तबकात आहे. सुपारी देणे म्हणजे काम पक्के करणे. तमाशाच्या फडाला आजही ‘सुपारी’च दिली जाते. विडा उचलणे म्हणजे जबाबदारी घेणे. पण त्याच पानाचा दुसरा उपयोगही होता. दरबारात किंवा बैठकीत पाहुण्याला विडा आणि अत्तर दिले की भेट संपली, असे समजले जाई. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘निरोपाचे विडे’ हा शब्दप्रयोग येतो. मुक्काम लांबवून ताटकळत ठेवणे हा अपमान, आणि मानाने निरोप देणे हे सौजन्य, अशी ती समज होती. निरोप म्हणजे अपमान नव्हे. निरोप न देणे हा अपमान.

(२१)
अलीकडचा एक टप्पा या इतिहासाला नवे वळण देतो. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली, २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ने घेतली. दोन्हींत एक तत्त्व समान आहे : घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, कामात कंत्राटदार आणायचा नाही. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी, अशी २०१६ ची रचना होती. म्हणजे कंत्राटदाराला दिलेला नकार शासनाने नियमातच लिहून ठेवला. परिणाम असा की, ज्या कुटुंबाने कधी दर मागवला नव्हता, तेही आता गवंडी शोधते, आकडे ऐकते आणि त्यांतले काही नाकारते. नकाराचा अधिकार वाड्यातून घरकुलापर्यंत पोहोचला.

(२२)
त्यामुळे हिशोब स्वच्छ मांडता येतो. सरकारी खात्याकडे प्रत्येक कामाची दरसूची असते, घरधन्याकडे ती नसते. म्हणून त्याला तीन ठिकाणी विचारावे लागते. तीन कोटेशन मागवणे म्हणजे त्याच क्षणी दोन नकारांची जबाबदारी पत्करणे होय. ती पार पाडायला मोठे शब्द लागत नाहीत. ‘भाऊ, यंदा काम दुसऱ्याला दिलं. तुम्ही येऊन मापं घेतली, दर नीट समजावला, त्याबद्दल आभार. तुम्ही थांबू नका, दुसरं काम घ्या.’ एवढ्यात सर्व आले. निर्णय आला, कष्टांची दखल आली आणि मुख्य म्हणजे मिस्त्रीचा दिवस मोकळा झाला.

(२३)
त्या निरोपात काय नसावे, हेही इतिहासच सांगतो. एकाचा आकडा दुसऱ्यापुढे नाचवू नये, मोहोरबंद लिफाफ्याची नीती हीच. ‘तुमचा दर फार’ असे म्हणून कसबाचा उपमर्द करू नये, कारण दर परवडला नाही ही घरधन्याच्या खिशाची गोष्ट आहे, मिस्त्रीच्या हाताची नव्हे. खोटे कारण सांगू नये, गाव लहान असते आणि चार दिवसांत पायावर दुसऱ्याची माणसे दिसतात. इसार दिला असेल, तर बोलणे त्याच बैठकीत मिटवावे. आणि पुढचे काम देण्याचा इरादा नसेल, तर ‘पुढच्या वेळी नक्की’ हे वाक्य गिळून टाकावे. ती बलुत्याच्या काळातली हमी आहे, ती पुरी करणारे गाव आता उरलेले नाही.

(२४)
बलुत्याने कारागिराला भाकरीची हमी दिली आणि त्याचे स्वातंत्र्य घेतले. कंत्राटाने स्वातंत्र्य दिले आणि हमी काढून घेतली. घरधन्याला मिळालेला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार या अदलाबदलीतून आला आहे. तो फुकट मिळालेला नाही, त्याची किंमत दुसऱ्या बाजूच्या माणसाने आपल्या निश्चिंतीने भरली आहे. कायदा त्या माणसाला एका शब्दाचेही देणे लावत नाही. म्हणूनच वेळेवर, समोरासमोर आणि स्पष्ट दिलेला निरोप हे त्या जुन्या व्यवहारातले उरलेले देणे ठरते. निरोपाचा विडा तबकातून गेला, त्याची जागा आज एका फोनने घेतली तरी चालते. तो फोन व्हायला हवा, एवढेच.

(समाप्त)

आपल्या गावात ‘उक्ते’, ‘गुत्ता’, ‘ठेका’ यांपैकी कोणता शब्द चालतो आणि काम न देता कारागिराला निरोप देताना घरातील जुनी माणसे काय म्हणत, हे प्रतिसादात अवश्य नोंदवावे. असे शब्द नोंदले गेले, तर गावगाड्याचा इतिहास थोडा अधिक पूर्ण होईल.